‘विचित्र’ जोडीचे चित्रपट, पुन्हा एकदा आणि क्रमाने

(नगर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

विषय तुम्हाला पत्रिकेवरून कळलाच आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे चित्रपट आपण पुन्हा पाहायचे, आणि त्यांना क्रमांक लावायचे. क्रमांक लावणं हा प्रकार काही जणांना पोरकट वाटतो. परीक्षेचा निकाल आहे का, असं मला येता येता एकानं विचारलंसुद्धा. पण मला त्याचा एक फायदा दिसतो. ‘चांगला आहे’ म्हटलं की वाद संपतो. ‘हा त्याच्यापेक्षा चांगला आहे’ म्हटलं की का ते सांगावं लागतं.

सुमित्राताई आता नाहीत. त्या १९ एप्रिल २०२१ ला गेल्या. म्हणजे या जोडीची यादी आता वाढणार नाही. आपल्याकडं माणूस गेला की वर्षभर सगळेच चित्रपट ‘अजरामर’ असतात आणि मग ते कुणी बघत नाही. त्यापेक्षा भांडत का होईना, बघितलेले बरे.

यांच्या निर्मितिसंस्थेचं नाव ‘विचित्र निर्मिती’. विशेष चित्र ते वि-चित्र, आणि नेहमीच्या अर्थानंही विचित्र. जोडी होतीही तशीच. दोघांच्या वयात दोन दशकांहून जास्त अंतर. नवरा-बायको नाहीत, मायलेक नाहीत, भावंडं नाहीत. सुमित्राताईंचं सिनेमाचं शिक्षण शून्य. त्यांचा विषय राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र, मुंबईच्या टाटा संस्थेत समाजकार्याचं शिक्षण, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेत अध्यापन. सुनील मात्र पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून दिग्दर्शन शिकून आलेले. एकीला माणसांचं शास्त्र येतं, दुसऱ्याला कॅमेऱ्याचं. गोष्ट आणि पटकथा बहुतेक वेळा ताईंची, गाणी बहुतेक वेळा सुनील यांची, दिग्दर्शन दोघांचं. सेटवर शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला. पडद्यावर बघून मला तरी कधी सांगता आलेलं नाही की हा शॉट ताईंचा आणि हा सुनीलचा.

सुरुवात कशी झाली ते माहीत असणं गरजेचं आहे, कारण यांच्या सगळ्या गुणदोषांचं मूळ तिथं आहे. ‘स्त्रीवाणी’ या संशोधन प्रकल्पात ताई झोपडपट्टीतल्या बायकांचा अभ्यास करत होत्या. संशोधन झालं, अहवाल होणार. आता ज्या बाईबद्दल तो अहवाल, तिला वाचता येत नाही. तिच्यापर्यंत ते परत न्यायचं कसं? म्हणून १९८५ ची ‘बाई’ ही छोटी फिल्म. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग ‘पाणी’ आली, गावातल्या बायकांच्या पाण्याच्या झगड्यावर. तो विषय आपल्या जिल्ह्यात समजावून सांगायची गरज नाही. पुढं पन्नासच्या वर लघुपट आणि चौदा-पंधरा मोठे चित्रपट. पण मुळात हे अभ्यास परत करणं होतं. ‘तुमच्याकडून शिकलो, हे घ्या तुमचं तुम्हाला.’

म्हणूनच यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की हे चित्रपट नव्हेत, विषय आहेत. ‘देवराई’ म्हणजे स्किझोफ्रेनिया, ‘नितळ’ म्हणजे कोड, ‘अस्तु’ म्हणजे विस्मरण, ‘कासव’ म्हणजे नैराश्य. दवाखान्याच्या भिंतीवरचे तक्ते असावेत तशी यादी! आक्षेप अगदीच खोटा नाही. यांच्या काही चित्रपटांत एक शहाणा माणूस येतो, बहुधा डॉक्टर असतो, आणि आजार समजावून सांगतो. मी क्रम लावताना साधी कसोटी घेतली आहे. या प्रत्येक चित्रपटात कुणीतरी मोडलेलं असतं आणि कुणीतरी त्याला सांभाळतं. त्या सांभाळण्याची किंमत कोण देतं, आणि चित्रपट ती किंमत आपल्याला दाखवतो का? दाखवत असेल तर तो वर जातो. नुसता समजावून सांगत असेल तर खाली.

खालून सुरू करतो. पण खाली मी नंबर देणार नाही, तो एक ढीगच आहे.

‘जिंदगी जिंदाबाद’, १९९७, हिंदी, एचआयव्हीवरचा. त्या काळात हा विषय काढणं हेच धाडस होतं, चित्रपट म्हणून मात्र तो काळाबरोबर मागं राहिला. ‘घो मला असला हवा’ हा कोकणातला हलकाफुलका प्रकार. राधिका आपटे आहे, मजा आहे, पण विनोद हा या दोघांचा हातखंडा नव्हे. ‘वेलकम होम’, २०१९. मृणाल कुलकर्णी नवऱ्याचं घर सोडून माहेरी येते. आता तिचं घर कोणतं? प्रश्न फार खरा आहे. या सभागृहातल्या निम्म्या बायकांचा असेल. पण माणसं एकमेकांशी इतकी समंजस बोलतात की भांडण पेटतच नाही. सुशिक्षित पुणेरी घरात असं बोलत असतील बुवा. आमच्याकडं भांडी पडतात.

‘हा भारत माझा’ त्याच ढिगात, पण नगरच्या व्यासपीठावरून त्याबद्दल न बोलणं बरं दिसणार नाही. २०११ चं अण्णांचं आंदोलन सगळ्यांना आठवतं. राळेगणसिद्धीचा माणूस दिल्लीत उपोषणाला बसलाय आणि देश टीव्हीपुढं बसलाय. या जोडीनं कॅमेरा रामलीला मैदानावर नेला नाही. एका मध्यमवर्गीय घराच्या बैठकीच्या खोलीत लावला. टीव्हीवर ‘भ्रष्टाचार हटाव’ आणि घरात आपलं काम कसं करून घ्यायचं याची चर्चा. कल्पना पहिल्या प्रतीची. पण घाईत केल्यासारखा वाटतो, आणि घटना ताजी असताना त्यांना जे धूसर होतं ते पडद्यावरही धूसरच राहिलं. आज मात्र तो वेगळाच दिसतो. त्या आंदोलनाचं पुढं काय झालं हे आपल्याला माहीत आहे आणि पडद्यावरच्या त्या कुटुंबाला माहीत नाही. त्यांचा भाबडेपणा तेव्हा कच्चेपणा वाटत असेल, आता तो कागदपत्रासारखा वाटतो.

त्याच्या वर ‘एक कप च्या’. किशोर कदम एसटीचा कंडक्टर. कोकणातलं साधं घर आणि विजेचं बिल आलंय हजारोंच्या घरात. आता हा माणूस काय करणार? लाच द्यायची की माहितीचा अधिकार वापरायचा? जाता जाता सांगतो, एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला आपल्या नगर-पुणे मार्गावर धावली, आणि माहिती अधिकारासाठी अण्णांनी महाराष्ट्रात जे रान उठवलं तेही इथूनच. म्हणजे गोष्ट कोकणातली असली तरी तिची दोन्ही चाकं नगरची! चित्रपट थोडा सरकारी माहितीपुस्तिकेकडं झुकतो. पण किशोर कदमांनी खिडकीपुढं उभा राहिलेला माणूस असा केलाय की आपल्याला आपली सगळी कार्यालयं आठवतात. तिथं साहेब जेवायला गेलेले असतात.

‘दहावी फ’ हा यांचा सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेला चित्रपट असावा. ‘फ’ तुकडीची पोरं, म्हणजे शाळेनं टाकून दिलेली. अपमान होतो, पोरं शाळेची मोडतोड करतात, आणि अतुल कुलकर्णीचे सर त्यांना ती भरपाई स्वतः कमावून द्यायला लावतात. इथं किंमत कोण देतं हे उघड आहे, पोरंच देतात, आणि म्हणून चित्रपट उभा राहतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणात दाखवतात तो, आणि शिक्षक डोळे पुसतात. तुकड्या मात्र तशाच राहतात. असो.

‘संहिता’ला २०१२ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत संगीत आणि गायनाचे मान मिळाले, शैलेंद्र बर्वे आणि आरती अंकलीकर-टिकेकर. गोष्टीत गोष्ट, राजा, राणी, गायिका, आणि ती गोष्ट चित्रपटात आणू पाहणारी आजची दिग्दर्शिका. ऐकायला अप्रतिम. मी तो दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा नुसता ऐकेन. ‘नितळ’मध्ये देविका दफ्तरदार डोळ्यांची डॉक्टर आहे, चेहऱ्यावर कोड आहे, आणि लग्नाचा विषय निघाल्यावर एका सुधारलेल्या घराची सुधारणा किती पातळ आहे ते कळतं. चांगलाच आहे. फक्त ती नायिका पहिल्यापासून इतकी खंबीर आहे की काळजी वाटत नाही.

आता पहिले पाच. इथं नंबर देतो.

पाचवा ‘कासव’. इथं तुम्ही रागवणार, कारण यालाच सुवर्णकमळ मिळालं, २०१६ सालासाठी, देशातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून. मराठीला हा मान मोजक्या वेळा मिळालाय. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि मग ‘कासव’. आत्महत्येच्या कडेवरून परतलेला एक मुलगा, आलोक राजवाडे, एका अनोळखी बाईला भेटतो. ती इरावती हर्षे, स्वतः नैराश्यातून उठलेली. ती त्याला समुद्राकाठच्या घरी आणते आणि काही विचारत नाही. मला हे ‘न विचारणं’ फार मोलाचं वाटतं. आपल्याकडं पोरगं गप्प झालं की दहा जण विचारतात, काय झालं, अभ्यासाचं टेन्शन आहे का, कुणी मुलगी आहे का. ही बाई जेवायला वाढते. बस्स. किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची राखण चाललेली असते. कासवी आपल्या पिलांना नुसत्या नजरेनं वाढवते, ही प्रतिमा आपल्या संतांनी किती वापरली आहे! ती या चित्रपटानं पुन्हा वाळूत आणून ठेवली. मग पाचवा का? कारण त्या घरात पैशाची अडचण नाही, जागेची नाही, स्वयंपाकाला माणूस आहे, समुद्र आहे. सांभाळणं इथं सुंदर आहे आणि स्वस्त आहे. आपल्या जिल्ह्यात ज्या घरातलं माणूस असं खचतं, त्या घरात दोन खोल्या असतात आणि उद्या कांदा काढायचा असतो.

चौथा ‘देवराई’, २००४. आता बघा, आजार गंभीर, प्रेक्षकाला समजावणारा डॉक्टर आहे, तोही मोहन आगाशे, जे खऱ्या आयुष्यातही मनोविकारतज्ज्ञ. तक्ता होण्याची सगळी तयारी. तरीही होत नाही, कारण सोनाली कुलकर्णी. शेष, म्हणजे अतुल कुलकर्णी, गावाच्या देवराईत अडकलेला, मनातही आणि खरोखरीही. बहीण त्याला शहरातल्या आपल्या घरी आणते. तिथं नवरा आहे, मूल आहे, शेजार आहे. आजारी भावाला आणणं ही माया झाली, पण रोज सकाळी उठून त्याच घरात राहणं हे वेगळं काम आहे. ते काम सोनालीच्या चेहऱ्यावर दिसतं. दमते, चिडते, मग चिडल्याची लाज वाटते. अकोले तालुक्यातल्या डोंगरात ज्यांनी देवराई पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे, तिथली काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक असतो. शेषच्या मनात असंच एक रान आहे. त्यातली काटकी उचलून चालत नाही.

तिसरा ‘वास्तुपुरुष’, २००२. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला. कुळकायद्यात जमिनी गेलेलं एक मोठं घर. १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं, हे आपण कुळाच्या बाजूनं पुष्कळ ऐकलंय, आणि ते ऐकायलाच हवं. हा चित्रपट वाड्याच्या आतून बघतो, पण रडगाणं गात नाही, आणि त्यामुळंच मोठा आहे. घरात पुरलेल्या धनाचा ध्यास, आदर्शवाद, कडकी, सगळं एकाच छपराखाली. आणि मधोमध उत्तरा बावकर. ही आई म्हणते, या घरानं पिढ्यान् पिढ्या लोकांचं जे घेतलं ते फेडायचं, आणि तू डॉक्टर होऊन फेडायचं. मुलाला काय हवं ते कुणी विचारत नाही. तो मोठा होतो, नाव मिळवतो, सन्मान मिळतो, आणि आपल्याला कळत नाही की आईनं त्याला घडवलं की त्याच्यावर कर्ज चढवलं. थोरपणी तो झालाय महेश एलकुंचवार. ज्यांनी रंगभूमीवर ‘वाडा’ लिहिला त्यांनाच पडक्या वाड्यात परत पाठवायचं, ही निवड कुणाला सुचली असेल ती असो, तिला दाद द्यायला हवी. चित्रपट लांब आहे, मध्यंतरापूर्वी सैल आहे. म्हणून तिसरा.

दुसरा ‘अस्तु’. डॉ. चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे गाढे पंडित, आणि आता स्मृती जात चालली आहे. मोहन आगाशेच, पण या वेळी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. मुलगी इरा, म्हणजे पुन्हा इरावती हर्षे, त्यांना थोडा वेळ गाडीत बसवून कामाला जाते, आणि हे रस्त्यानं जाणाऱ्या हत्तीच्या मागं निघून जातात. ज्याला अख्खी शास्त्रं पाठ, त्याला आता हत्ती एवढाच खरा. माहूत गरीब, त्याची बायको चन्नम्मा, भाषा वेगळी, कडेवर मूल, आणि त्यात हे म्हातारं. ती त्याला खाऊ घालते, धुते, झोपवते, आणि हा विद्वान तिला ‘आई’ म्हणतो. अमृता सुभाषला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सुमित्राताईंना संवादांसाठी. पण मी सांगतो, तुम्ही इराला बघा. बापाला शोधत फिरताना तिच्या मनात एक विचार येतो, तो ती बोलत नाही, आणि ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्या प्रत्येकाच्या मनात तो येऊन गेलेला असतो. नाहीच सापडले तर? या विचाराला चित्रपट पाप म्हणत नाही. मराठी चित्रपटात मुलीला इतकी मोकळीक मी दुसरीकडं पाहिलेली नाही.

हा चित्रपट २०१३ मध्ये तयार होता, पुरस्कार मिळाले, महोत्सव झाले. थिएटरात यायला २०१६ उजाडलं, तेही लोकांनी पैसे गोळा केल्यावर. हे मी मुद्दाम सांगतो. ‘असले चित्रपट लोक बघत नाहीत’ असं आपण म्हणतो, पण आधी ते लोकांना दाखवले होते का? आपल्या श्रीगोंद्याच्या भाऊराव कऱ्हाडेंनी जमीन विकून ‘ख्वाडा’ केला, त्यांनाही हीच घाटी चढावी लागली.

आणि पहिला. पहिला ‘दोघी’, १९९५. यांचा पहिलाच मोठा चित्रपट. सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला आहे, पण तो बाजूला ठेवा. कोरडवाहू मुलुखातलं गाव, दोन बहिणी. थोरलीचं लग्न, मांडव पडलाय आणि वऱ्हाडाला अपघात होतो. नवरदेव गेला. बाप अंथरुणाला खिळला. गौरी पांढऱ्या पायाची ठरली. मुंबईचा मामा म्हणतो, मी नेतो, काम लावून देतो. गौरी जाते. पैसे यायला लागतात, घर पुन्हा चालतं. काम कसलं, हे सगळ्यांना कळतं आणि कुणालाच कळत नाही. मग धाकटीचं लग्न ठरतं, त्याच पैशावर. आणि गौरी घरी येते तेव्हा तिला मांडवात जागा नाही.

रेणुका दफ्तरदार, सोनाली कुलकर्णी, उत्तरा बावकर. आणि तो मामा कोण? आपले नगरचे सदाशिव अमरापूरकर. चार वर्षांपूर्वीच, १९९१ मध्ये, ‘सडक’मध्ये त्यांनी कोठा चालवणारी ‘महाराणी’ केली होती, फिल्मफेअर मिळालं होतं, देशभर पोरं नक्कल करत होती. त्याच नटाला या जोडीनं भाचीला मुंबईला नेणारा मामा केलं. टाळी नाही, डोळे वटारणं नाही. एक साधा, अडचणीतला, बहिणीच्या दारात बसलेला माणूस. हिंदी चित्रपटानं सांगितलं होतं की मुलींना विकणारा राक्षस दिसतो कसा. ‘दोघी’ सांगतो की तो आपल्यासारखा दिसतो आणि चहा घेऊन जातो. अमरापूरकरांचं कौतुक करताना आपण ‘अर्धसत्य’ आणि ‘सडक’ यांच्यावर थांबतो. नगरकरांनी तरी थांबू नये.

पहिला क्रमांक देण्याचं कारण माझ्या कसोटीतच आहे. पुढच्या चित्रपटांत डॉक्टर येतो, समजूतदार बाई येते, समजावणारं कुणीतरी येतं. ‘दोघी’त बराच काळ कुणीच येत नाही. किंमत एक मुलगी देते, सगळं घर ती खातं, आणि घरातलं कुणी वाईट नाही. आई वाईट नाही. तीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे. उत्तरा बावकरांच्या आईला शिव्या द्याव्यात असं वाटतं आणि देता येत नाहीत, कारण आपण त्या घरात असतो तर मनिऑर्डर परत पाठवली असती का?

‘दिठी’ मी क्रमात घेतला नाही, कारण दिग्दर्शक म्हणून नाव एकट्या सुमित्राताईंचं आहे. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा. ताई गेल्या आणि महिन्याभरात तो लोकांसमोर आला. वारकरी लोहार, तरणाताठा मुलगा गेलेला, आणि इतक्या वर्षांची वारी आता कामाला येईना. नेवाशाच्या खांबापाशी डोकं टेकवणाऱ्या आपल्या लोकांनी तो आवर्जून बघावा. इथं किंमत देणारा किशोर कदम आहे, आणि त्यानं कुणाकडं मागायची? क्रमात घेतला असता तर ‘वास्तुपुरुष’ला धोका होता, एवढंच सांगतो.

प्रश्नोत्तरांआधी पंधरा मिनिटं चहा आहे, आणि मग याच सभागृहात ‘दोघी’ लावणार आहोत. मामा पहिल्यांदा दारात येतो तेव्हा आई त्याच्याकडं कशी बघते, ते नीट बघा. नंतर त्यावर बोलू.